कंपनांचा हिशेब कोणाकडे?

शुभांशू शुक्ला २६ जून २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पोचले, तेव्हा देशभर आनंद साजरा झाला आणि तो रास्तच होता. त्या प्रवासातली एक गोष्ट मात्र बातम्यांच्या गर्दीत मागे पडली. त्यांना घेऊन गेलेली ‘ॲक्सिअम-४’ ही मोहीम एका खासगी कंपनीची होती, यान दुसऱ्या खासगी कंपनीचं होतं आणि भारताने त्यातली एक जागा पैसे मोजून घेतली होती. ज्या सरकारी स्थानकात ते अठरा दिवस राहिले, ते २०३० च्या सुमारास निवृत्त करण्याचं ठरलं आहे. ते सुरक्षितपणे समुद्रात उतरवणाऱ्या यानाचं कंत्राट नासाने २०२४ मध्येच स्पेसएक्सला दिलं. त्याची जागा घ्यायला ॲक्सिअम, व्हास्ट, स्टारलॅब अशा कंपन्या आपापली स्थानकं बांधत आहेत. या स्थानकांविषयी चर्चा होते ती तिकिटांची, पर्यटनाची आणि तिथे बनणाऱ्या औषधांची. मला त्यांच्याविषयीचा एक कमी चर्चेचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. माणसं राहत असलेलं हे बांधकाम कसं आणि किती थरथरतं याचा हिशेब कोण ठेवणार आणि तो कोणाला पाहायला मिळणार? या लेखाचं म्हणणं असं आहे की बांधकामाच्या कंपनांचं ज्ञान सतत मोजून मिळवावं लागतं आणि ते सर्वांसाठी खुलं असावं लागतं. अवकाशात हे जितकं खरं आहे, तितकंच ते मुंबईतल्या करी रोड आणि चिंचपोकळीच्या पुलांबाबतही खरं आहे.

स्ट्रक्चरल डायनॅमिक्स इंजिनिअरचं काम म्हणजे एखादं बांधकाम कशामुळे, किती आणि कोणत्या तालात हलेल हे आधी सांगणं आणि मग प्रत्यक्ष मोजून आपलं सांगणं तपासणं. मजबुतीचा विचार करणारा इंजिनिअर विचारतो की हे किती वजन पेलेल. डायनॅमिक्सवाला विचारतो की हे वजन दर सेकंदाला किती वेळा येईल. प्रत्येक बांधकामाला स्वतःचा हेलकाव्याचा वेग असतो, त्याला नैसर्गिक वारंवारिता म्हणतात. झोपाळ्याला योग्य क्षणी एका बोटाने ढकलत राहिलं तरी झोका उंच जातो. तसाच बाहेरच्या जोराचा ताल बांधकामाच्या तालाशी जुळला की हेलकावा वाढत जातो. यालाच अनुनाद म्हणतात. तो कुठे थांबेल हे ठरतं डॅम्पिंगवर, म्हणजे हेलकाव्याची ऊर्जा किती झिरपून जाते यावर. डॅम्पिंग एक टक्का असेल, तर पूर्ण अनुनादात तेवढाच जोर स्थिरपणे लावल्यावर होईल त्याच्या पन्नासपट हेलकावा होतो. जमिनीवर हवा, माती आणि पाया या ऊर्जेतला बराच भाग खाऊन टाकतात. अवकाशात हवा नाही आणि पायाही नाही. सांध्यांतलं घर्षण आणि साहित्यातली थोडीशी शोषणशक्ती एवढ्यावरच भागवावं लागतं. त्यात आजचं स्थानक १०९ मीटर लांब आणि सुमारे ४२० टनांचं असलं, तरी त्याचे सौर पंख लांब आणि लवचिक आहेत. त्यांचे सर्वांत संथ हेलकावे दहा सेकंदांना एक या घरातले आहेत. डोळ्याला जवळजवळ न दिसणारी ही हालचाल स्थानकाच्या आयुष्याचा निर्णय करू शकते.

हे नुसतं पुस्तकी गणित नाही, हे १४ जानेवारी २००९ रोजी दिसलं. स्थानकाची कक्षा उंचावण्यासाठी त्या दिवशी रशियन ‘झ्वेझ्दा’ विभागाची इंजिनं १४२ सेकंद चालवली गेली. इंजिनांची दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेत चुकीची मूल्यं होती. इंजिनं एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलत राहिली आणि त्या कलण्याचा ताल स्थानकाच्या स्वतःच्या हेलकाव्याला खतपाणी घालत गेला. आतल्या कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रणात सामान डोलताना स्पष्ट दिसतं. इंजिनांचा जोर नेहमीपेक्षा वाढला नव्हता, बिघडला होता तो ताल. त्यानंतर सांध्यांचं किती आयुष्य खर्ची पडलं हे तपासावं लागलं आणि पुढची ठरलेली कक्षावाढ लांबणीवर टाकावी लागली. हबल दुर्बिणीची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. १९९० मध्ये ती कक्षेत गेली, तेव्हा तिचे सौर पंख प्रत्येक फेरीत सावलीतून उन्हात आणि उन्हातून सावलीत जाताना तापमानाच्या झटक्याने थरथरत आणि दुर्बिणीची नजर हलत असे. १९९३ मध्ये ते पंख बदलावे लागले. इथे कोणतंही इंजिन चाललं नव्हतं, ऊन पडणं एवढंच कारण पुरलं. अंतराळवीरांच्या व्यायामाचाही असाच विचार करावा लागतो. हाडं आणि स्नायू टिकवण्यासाठी त्यांना रोज धावावं लागतं. धावणाऱ्याची पावलं सेकंदाला दोन-तीन वेळा पडतात आणि प्रत्येक पाऊल हा भिंतीला बसणारा ठोका असतो. म्हणून तिथली ट्रेडमिल सांगाड्याला घट्ट ठोकून बसवत नाहीत. ती कंपनं अडवणाऱ्या व्यवस्थेवर तरंगती ठेवतात.

हे सगळं जमिनीवरच तपासून का पाठवत नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. प्रत्येक विभागाची चाचणी होतेच. त्याला कंपन-मेजावर हलवतात, रॉकेटच्या आवाजाइतक्या गोंगाटात ठेवतात, ठोके देऊन त्याच्या वारंवारिता शोधतात. पण जोडलेलं पूर्ण स्थानक जमिनीवर कधीच उभं करता येत नाही, कारण स्वतःच्या वजनाखाली ते पंख उघडणारही नाहीत. १९९८ मध्ये रशियन ‘झार्या’ आणि अमेरिकन ‘युनिटी’ हे पहिले दोन विभाग जोडले गेले, ते थेट कक्षेतच. पूर्ण स्थानकाचं गणित त्यामुळे तुकड्यातुकड्यांनी करावं लागतं. १९६८ मध्ये क्रेग आणि बॅम्प्टन यांनी मांडलेली पद्धत आजही त्यासाठी वापरतात. एका विभागाच्या संगणकीय प्रतिकृतीत लाखो बिंदू असतात. त्या सगळ्याचं सार जोडणीच्या कडा आणि हेलकाव्याचे निवडक प्रकार एवढ्यात काढून ठेवायचं, आणि अशी सारं एकमेकांना जोडून पूर्ण स्थानकाचं वागणं काढायचं. शेवटी तेही अनुमानच. ते पडताळण्यासाठी कक्षेत छोटे थ्रस्टर ठरवून चालवतात, संवेदकांवर उत्तर वाचतात आणि प्रतिकृती दुरुस्त करतात. नवा विभाग आला, यान जोडलं गेलं किंवा सुटलं की हिशेब पुन्हा मांडावा लागतो. नासाच्या क्लीव्हलंड येथील ग्लेन केंद्राची त्वरणमापकं स्थानकात वर्षानुवर्षं ही थरथर नोंदवत आहेत. या नोंदी आलेखांसह सर्वांसाठी खुल्या ठेवल्या जातात. जगातला कोणताही विद्यार्थी त्या पाहून स्थानकात केव्हा कोणी धावलं, केव्हा यान येऊन टेकलं हे ओळखायला शिकू शकतो. सरकारी स्थानकाने जगाला दिलेल्या देणग्यांत मी हिची गणना फार वर करतो.

खासगी स्थानकांत हा प्रश्न आणखी तीव्र होणार आहे आणि त्याचं पहिलं कारण भौतिकीतलंच आहे. ४२० टनांच्या स्थानकाला दहा-बारा टनांचं ड्रॅगन यान जोडलं, तर एकूण रचनेचा स्वभाव थोडासाच बदलतो. व्हास्टचं ‘हेवन-१’ हे एकाच फाल्कन-९ रॉकेटवर जाण्याइतकं लहान आहे. त्याला येऊन जोडलेलं ड्रॅगन त्याच्याच वजनाच्या वर्गात मोडतं. तिथे पाहुणा येताच जवळजवळ नवीन बांधकाम तयार होतं आणि त्याच्या वारंवारिताही नव्या असतात. इस्रोने ‘स्पेडेक्स’मध्ये हाच अनुभव लहान प्रमाणात घेतला. प्रत्येकी सुमारे २२० किलोचे दोन उपग्रह १६ जानेवारी २०२५ रोजी कक्षेत एकमेकांना जोडले गेले. त्यानंतर दोघांना एकच वस्तू म्हणून नियंत्रित करून दाखवणं हा यशाचा स्वतंत्र टप्पा मानला गेला. दुसरं कारण व्यवहाराचं आहे. ॲक्सिअमच्या विभागांचा मूळ सांगाडा इटलीत तुरीनला बनतो. स्टारलॅबमागे अमेरिका, युरोप, जपान आणि कॅनडातल्या कंपन्या एकत्र आल्या आहेत. येणारी यानं तिसऱ्याच कोणाची असणार. पूर्वी या सगळ्यांच्या मधोमध सरकारी संस्था बसलेल्या असत आणि त्या एकमेकींना माहिती देण्यास करारांनी बांधलेल्या होत्या. आता नासा स्थानकाची मालक राहणार नाही, ती सेवा विकत घेणारी ग्राहक होणार आहे. ग्राहकाला सेवा मिळते. सेवेमागचं ज्ञान त्याला मिळेलच असं नाही.

गिरगाव-दादर-परळच्या वाचकाला हे दूरचं वाटू नये, कारण या शहराच्या मधल्या पट्ट्याने कंपनांशी शंभर वर्षांहून जास्त काळ व्यवहार केला आहे. गिरण्यांची बांधणी आठवून पाहावी. कताईची खाती मजल्यावर मजला चढवून उभी राहिली, विणकामाचं साळखातं मात्र बहुधा तळमजल्यावर, उत्तरेचा उजेड घेणाऱ्या दातेरी छपराखाली पसरलेलं असे. उजेड आणि दमटपणा ही कारणं होतीच. त्यांच्या जोडीला सांध्यांचा आणि तुळयांचा विचारही होता. जुन्या साच्यावर, म्हणजे मागावर, धोटा मिनिटाला दोनशेच्या आसपास फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीला फणी बाण्याचा धागा ठोकून बसवते. म्हणजे सेकंदाला तीनहून जास्त ठोके, आणि तेही एकाच वेगाने चालणाऱ्या शेकडो साच्यांचे. असं खातं वरच्या मजल्यावर नेलं तर तुळया आणि खांब त्या ठोक्यांत सापडतात, जमिनीवर ठेवलं तर ठोका मातीत जिरतो. १८८७ मध्ये भायखळ्यात सुरू झालेलं आणि १९२३ मध्ये माटुंग्याला गेलेलं व्हीजेटीआय याच गिरण्यांना तंत्रज्ञ पुरवत वाढलं. आज तीच संस्था पुलांच्या तांत्रिक सल्ल्यासाठी पालिकेला हाताशी असते. ताल, भार आणि बांधकाम यांचं नातं समजणारी माणसं या पट्ट्यात नव्याने आणावी लागणार नाहीत.

या पट्ट्यातलं आजचं सर्वांत ठळक उदाहरण गणेशोत्सवात दिसतं. लालबाग-परळच्या मोठ्या मूर्ती गिरगाव चौपाटीकडे निघतात, तेव्हा त्यांना मध्य आणि पश्चिम असे दोन्ही रेल्वेमार्ग ओलांडावे लागतात. त्या वाटांवरचे बरेच पूल ब्रिटिश अमदानीतले आहेत. म्हणून महापालिका आणि पोलीस मंडळांना दरवर्षी सूचना देतात. पुलावर ध्वनिक्षेपक लावून नाचू नये, रेंगाळू नये, उत्सवाचा आनंद पूल उतरल्यावर घ्यावा. करी रोड, चिंचपोकळी आणि भायखळ्याच्या पुलांसाठी तर एका वेळी १६ टनांहून जास्त वजन नको, असंही बजावलं गेलं आहे. सोळा टन म्हणजे मूर्ती नसताना साधारण अडीचशे माणसं. ही माणसं शांतपणे चालत गेली तर भार तेवढाच राहतो. ती ढोल-ताशाच्या ठेक्यावर एकदम उड्या मारू लागली तर जमिनीवर आदळतानाचा क्षणिक जोर त्यांच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. नाचणाऱ्या समूहाचा ठेका बहुधा सेकंदाला दीड ते पावणेतीन उड्यांच्या मर्यादेत राहतो आणि लांब पल्ल्याच्या अनेक पुलांची नैसर्गिक वारंवारिता त्याच्या आसपासच असते. म्हणून नाचाला मनाई करणारा नियम शास्त्राला धरून आहे. रस्त्यावरच्या पुलांच्या भारांसाठी आपल्याकडे ‘आयआरसी-६’ ही संहिता आहे. तिच्यात पदपथासाठी दर चौरस मीटरला ४०० किलो भार धरतात आणि तीर्थक्षेत्रं किंवा मोठ्या जत्रा भरतात अशा गावांजवळ तो ५०० किलो करायला सांगितलं आहे. आपल्या संहितेला जत्रा ठाऊक आहे ही समाधानाची गोष्ट. पण या कलमात जत्रेची दखल घेतली आहे ती वजन म्हणून, ठेका म्हणून नव्हे.

ठेक्याची दखल न घेतल्यास काय होतं, ते लंडनच्या मिलेनियम ब्रिजवर जगाने पाहिलं. १० जून २००० रोजी तो पादचाऱ्यांसाठी खुला झाला. चालणाऱ्यांच्या पावलांनी तो आडवा डोलू लागला. डोलणाऱ्या पुलावर तोल सांभाळताना माणसांची पावलं नकळत त्याच्याच तालात पडू लागली आणि डोलणं आणखी वाढलं. दोन दिवसांत तो बंद करावा लागला आणि हेलकावे शोषणारी यंत्रं बसवून २००२ मध्ये पुन्हा उघडला. इथे नाच नव्हता, बँड नव्हता, लोक नुसते चालत होते. तो पूल कोसळला असता असं नव्हे, त्याच्यात ताकद पुरेशी होती. कमी होती ती आडव्या हेलकाव्याची माहिती. ती मोजून मिळाली आणि मोजलेलं उघडपणे प्रसिद्ध झालं, म्हणून आज जगभरचे पादचारी पूल त्या अनुभवावर तपासले जातात. आपल्याकडे मंडळाच्या कार्यकर्त्यापर्यंत पोचतो तो नुसता नियम. अमुक पूल कोणत्या वारंवारितेला डोलतो, गेल्या दहा वर्षांत त्यात काय फरक पडला, सोळा टनांचा आकडा कशावरून आला, हे त्याच्या हाती येत नाही. कारण कळलं तर नियम मनापासून पाळला जातो. शिवाय मोजमाप हाती असेल तर भक्कम पुलावरची बंधनं सैल करता येतील आणि कमकुवत पुलावरची कडक. मोजणीने उत्सवाचं नुकसान होत नाही, फायदाच होतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की सुरक्षिततेसाठी भरपूर ताकद ठेवली की पुरे, एवढा बारकावा कशाला? पण जास्त ताकदीसाठी जास्त धातू लागतो, जास्त धातूने वजन वाढतं आणि वजनासोबत वारंवारिताही सरकते. ती कुठे सरकली हे मोजल्याशिवाय कळत नाही. अवकाशात तर प्रत्येक किलो वर नेण्याचा खर्च मोजावा लागतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. स्थानक मोडलं तर कंपनीच बुडेल, मग ती स्वतःहून काळजी घेणार नाही का? घेईल, आणि त्या कंपन्यांतले इंजिनिअर निष्णात आहेत याबद्दल मला शंका नाही. पण स्वतःपुरती काळजी आणि सर्वांसाठी ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका स्थानकात पन्नास वेळा यान जोडल्यावर सांधा कसा सैल होतो हे एका कंपनीला कळलं आणि तिच्याच तिजोरीत राहिलं, तर दुसऱ्या कंपनीतल्या माणसांना ते स्वतःच्या जोखमीवर पुन्हा शिकावं लागेल. तिसरा आक्षेप व्यापारी गुपितांचा. त्याला उत्तर क्रेग-बॅम्प्टन पद्धतीतच आहे. त्या सारात विभाग हलतो कसा हे येतं, तो आतून कसा बांधला आहे हे उघड होत नाही. वेगवेगळे उत्पादक आपली रेखाचित्रं झाकून ठेवूनही अशी सारं एकमेकांना देत आले आहेत. म्हणजे कंपनांची माहिती दिल्याने रचनेचं गुपित फुटतं, ही भीती तांत्रिकदृष्ट्या टिकत नाही.

चौथा आक्षेप जमिनीवरचा आहे आणि तो सर्वांत गंभीरपणे घ्यायला हवा. १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल पडला आणि माणसं प्राणाला मुकली. तपासणीत तो पूल वापरण्याजोगा ठरला होता. कंपनं मोजली असती तर हे टळलं असतं का? तसा दावा मी करणार नाही. एखाद्या स्लॅबखाली लोखंड गंजतं, तेव्हा पूर्ण पुलाचा ताल फारसा बदलेलच असं नाही. बांधकामाचा ताठपणा दहा टक्के घटला तरी वारंवारिता पाचच टक्के उतरते आणि तेवढा फरक उन्हाळा-हिवाळ्यातल्या तापमानानेही पडू शकतो. स्वित्झर्लंडमधल्या झेड-२४ या पुलावर हे नीट अभ्यासलं गेलं. १९९८ मध्ये तो पाडायचाच होता, म्हणून आधी सुमारे वर्षभर त्याची कंपनं नोंदवली आणि मग त्याला टप्प्याटप्प्याने मुद्दाम इजा करून पाहिली. त्यातून दिसलं ते हेच की एकदा केलेल्या मोजणीचा उपयोग थोडा, वर्षभराच्या नोंदीतून ऋतूचा परिणाम वेगळा काढता आला तरच इजा ओळखता येते. तेव्हा कंपनमापन हे हातोडी घेऊन पुलाखाली उतरणाऱ्या निरीक्षकाची जागा घेत नाही, पण ते त्याच्या हाती आज नसलेला इतिहास देतं. खर्चाचं कारणही आता पुढे करता येणार नाही. मेट्रो-३ चा बोगदा गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या इमारतींखालून गेला, तेव्हा कंपनांची चिंता न्यायालयापर्यंत पोचली आणि वरच्या इमारतींवर उपकरणं लावून लक्ष ठेवणं हा कामाचाच भाग झाला. जे काम इमारतींसाठी जमलं ते पुलांसाठीही जमेल.

आता भारताकडे पाहू. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये भारतीय अंतराळ स्थानकाच्या पहिल्या विभागाला मंजुरी दिली. तो २०२८ मध्ये आणि संपूर्ण स्थानक २०३५ पर्यंत, असं उद्दिष्ट आहे. ते बांधण्यात खासगी उद्योगांचा मोठा हात असेल आणि त्यात वावगं काहीच नाही. १८९७ मध्ये लालबागमधल्या छोट्या जागेत कुलपं बनवून सुरू झालेला गोदरेज उद्योग आज विक्रोळीत इस्रोसाठी विकास इंजिनं बनवतो. उद्योगाची क्षमता हा आपल्यापुढचा प्रश्न नाही. प्रश्न करारात काय लिहिलं जाईल हा आहे. पहिल्या विभागाच्या करारातच तीन गोष्टी असाव्यात. स्थानकावरच्या त्वरणमापकांच्या नोंदी ठरावीक मुदतीत सर्वांसाठी खुल्या व्हाव्यात. प्रत्येक पुरवठादाराने आपल्या विभागाचं डायनॅमिक सार सर्व भागीदारांना द्यावं. आणि कक्षेतल्या मोजणीनंतर दुरुस्त झालेली प्रतिकृती अभियांत्रिकी महाविद्यालयांना अभ्यासासाठी मिळावी. याच तीन मागण्या शब्द बदलून मुंबईतल्या रेल्वेवरच्या पुलांसाठी पालिका आणि रेल्वे यांच्याकडे करता येतात. व्हीजेटीआयसारख्या संस्थेतले विद्यार्थी करी रोडच्या पुलाची वर्षभराची नोंद वाचायला शिकले, तर अवकाश स्थानकाची नोंद वाचायला त्यांना वेगळं गणित लागणार नाही.

ही मागणी आजच करायला हवी. करार झाल्यावर माहितीची मालकी बदलून घेणं फार अवघड असतं, आणि भारतीय स्थानकाचे करार येत्या काही वर्षांतच होणार आहेत. अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी, विद्यार्थ्यांनी, गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांनी आणि नगरसेवकांनी आपापल्या ठिकाणी एकच प्रश्न लेखी विचारावा: आमच्या पायाखालचं बांधकाम कोणत्या तालात हलतं, ते शेवटचं केव्हा मोजलं आणि त्याची नोंद आम्हाला कुठे पाहायला मिळेल?